आईच्या धवल्यांवर भावजींचं गाणं

मी रेडिओ काढला तो धाकट्या दिरावर सूड उगवायला. कोणी विचारलं, आजी, या वयात हे कसं सुचलं, की माझी सून पुढे होऊन सांगते, आईंना गाण्यांची फार आवड. आवड आहेच. पण आवड असलेली माणसं गाणी ऐकतात, रेडिओ काढत नाहीत.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन बदलापूर गावात आले तेव्हा माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून साउंड सर्व्हिस चालवत होते. भोंगे, अँप्लिफायर, माइक आणि कॅसेटींनी भरलेल्या पत्र्याच्या ट्रंका. नवरा वायरी जोडायचा, दीर माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करायचा आणि ट्रंका माझ्याकडे असायच्या. कुठल्या घरी कुठली कॅसेट जायची ते मी बघायचे. हळदीला वेगळी, जयंतीला बुद्धविहारात वेगळी, उर्साला कव्वाली, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये सिंध्यांचं लग्न असलं तर त्यांचे लाडा, म्हणजे लग्नातली गाणी. अंबरनाथच्या चाळींत तेलुगू कामगार होते, त्यांच्या पूजेला तेलुगू. त्यातलं अक्षर मला कळायचं नाही. पण कुठल्या गाण्याला बायका डोळे पुसतात आणि कुठल्या गाण्याला पदर खोचून उठतात, ते बघून मी कॅसेटवर नेलपॉलिशने खूण करून ठेवायचे.

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटाच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत जे जे करायचं त्याचा एकेक धवला असतो, म्हणजे गाणं, आणि तो म्हटल्याशिवाय ते काम झालं असं जुनी माणसं धरत नाहीत. हळद कांडायचा धवला, नवऱ्याला आंघोळ घालायचा धवला. मांडवासाठी उंबराची फांदी आणायची तर आधी झाडाला विचारायचं, त्याचाही धवला. हे सगळं आईच्या डोक्यात होतं. मला येत नव्हतं. माझा आवाज कावळ्यासारखा. लहानपणीच आईने सांगून टाकलं होतं, "तू भांडी घास गो, गाऊ नको." मला वाईट वाटलं नाही, कारण खरं होतं.

म्हणून ठरवलं, आईचे धवले कॅसेटवर घ्यायचे. आई तयार होईना.

"लगीन नाय, नवरा नाय, नवरी नाय. धवला कोनाला म्हनू? भिताडाला?"

लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही, ही या बायकांची शिस्त. आणि लग्नात रेकॉर्डिंग करावं तर पोरं रडतात, पुरुष ओरडतात, भांडी आदळतात. मी थांबले. कार्तिकात तुळशीचं लग्न आलं. मी विचारलं, "हे लग्न आहे की नाही?" आईने बराच वेळ तुळशीकडे बघितलं आणि म्हणाली, "हाय." मग अंगणात मांडी घालून तिने तुळशीसाठी सगळे धवले म्हटले, मांडवापासून पाठवणीपर्यंत. मध्ये पाणी प्यायली, एकदा कोंबडीला हाकललं, तेही आत आलं. कॅसेट शेजाऱ्याने दुबईहून आणलेली होती, भारी. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक खिट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मी दोन्ही मोडल्या.

पुढची लग्नसराई यायच्या आत आई गेली.

त्या लग्नसराईत खालच्या आळीत एक हळद होती आणि धवलारीण मिळत नव्हती. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. कॅसेट दिली. नवऱ्याने लावली. बायका मुसळाभोवती उभ्या राहिल्या आणि दोन्ही भोंग्यांतून सगळ्या गावाला ऐकू आलं:

उल्हास नदीच्या काठी
उभी तू कुणासाठी
तुझ्या एका हास्यापायी
झालो मी वेडापाठी

आवाज माझ्या दिराचा. गाणंही त्यांनीच रचलेलं. ‘वेडापाठी’ म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. बायका मुसळं सोडून हसायला लागल्या. मी कॅसेट काढली तर मोडलेल्या खिट्ट्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली. चिकटपट्टी लावली की रेकॉर्डिंग पुन्हा होतं. म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं. कोणीतरी ही ठेवायची म्हणून मोडली आहे हे त्यांना दिसलं होतं, आणि त्यांनी कात्री घेऊन नीट मापाची पट्टी कापली होती.

"भावजी, ही कॅसेट कोणाची होती, माहीत होतं ना?"

"अहो वहिनी, भारी कॅसेट होती. आवाज बघा कसा खणखणीत आलाय."

"आईचे धवले होते त्यावर."

"मग काय झालं? गावातल्या म्हाताऱ्या काय सगळ्या मेल्या? दुसरी आणा आणि भरून घ्या."

माझ्या आईच्या तेराव्याचे लाडू हा माणूस मागून मागून खाऊन गेला होता. नवरा मला म्हणाला, "जाऊ दे, भाऊ आहे." मी जाऊ दिलं नाही. तेव्हा बोलले नाही एवढंच. कॅसेट ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

पुढे साउंड सर्व्हिस बंद पडली. जमिनींवर टॉवर आले. नवरा गेला. भावजी मोठे झाले. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष, समाजसेवक. नाक्यावरच्या बॅनरवर त्यांचा फोटो एवढा मोठा की नाकपुड्यांत पाखरं घरटी करतील. दर दिवाळीला फराळाला यायचे आणि मी वाढायचे. करंजी वाढताना माझ्या मनात काय चालायचं ते लिहिलं तर कोणी छापणार नाही.

माझी सून घरून कॉम्प्युटरचं काम करते. एका दुपारी मी ट्रंक उघडून कॅसेटींची बुरशी पुसत बसले होते, तेव्हा ती जेवायला उठली आणि म्हणाली, "आई, हे सगळं नेटवर टाकू या का? घरातून रेडिओ चालवता येतो."

"ऐकणार कोण?"

"कोणीही. फोनवर."

"गावातले पण?"

"गावातले पण."

"आणि बंद कोण करू शकतं?"

"आपणच."

मी म्हटलं, "लाव."

पूर्वी भाताची कणगी असायची त्या खोलीत आता टेबल, कॉम्प्युटर, माइक आणि छोटा मिक्सर आहे. समोर बांधकाम चालतं म्हणून खिडकीला गोधडी ठोकली आहे. मिक्सर मला नवा नव्हता. कुठला खटका वर, कुठला खाली, ते मी नवऱ्याच्या हाताखाली शिकले होते. कॅसेटी सुनेने एकेक करून कॉम्प्युटरमध्ये भरल्या.

पहिले ऐकणारे मिळाले ते कॅम्प दोनमधल्या जीन्सच्या कारखान्यात. मालकीण सिंधी. तिच्या लग्नात आमचे भोंगे होते, त्यामुळे ओळख. तिच्याकडे धागा कटिंगला पंचवीसेक बायका बसतात, म्हणजे शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायला. हात अडकलेले आणि कान रिकामे. तिने स्पीकरवर आमचा रेडिओ लावला. मग शहाडहून, अंबरनाथहून, घरी बसून धागे कापणाऱ्या बायकांचे निरोप यायला लागले. कोणी बिहारची, कोणी आंध्राची, कोणी कोकणातली. अंबरनाथच्या एका बाईने तिच्या शाहीर वडलांनी जयंतीला गायलेल्या गाण्यांच्या कॅसेटी आणून दिल्या. मी एकच नियम केला. एका भाषेची दोन गाणी लागोपाठ लागणार नाहीत.

एकीने तक्रार केली, "आजी, हमारा एक ही बजाया."

मी माइकवरच सांगितलं, "तेरी पडोसन का भी एक ही बजाया. धागे काप."

त्यांना ते आवडलं. शिव्या दिल्यासारखं बोललं की बायकांना घरचं वाटतं.

ऐकणारे पुरेसे झाल्यावर मी ट्रंकेच्या तळातली कॅसेट सुनेच्या हातात दिली. ही पण भर, म्हटलं. आणि रोज जेवणाच्या सुट्टीनंतर, डोळ्यांवर पेंग येते त्या वेळेला, मी सांगायला लागले, "आता ऐका बदलापूर गावचे सुप्रसिद्ध समाजसेवक, कमिटीचे अध्यक्ष," मग त्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, "यांच्या आवाजात त्यांनीच रचलेली गाणी." आणि उल्हास नदीचा काठ.

पहिल्या आठवड्यात सगळे हसले. कमिटीतल्या एकाने देवळात भावजींना विचारलं म्हणे, "अध्यक्ष, वेडापाठी कुठून जायचं?" ते ऐकलं त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पण माणसांचा भरवसा नाही. महिनाभरात कारखान्यातल्या पोरी ते गाणं म्हणायला लागल्या. मालकिणीचा निरोप आला, "भाभी, वो अंकलवाला गाना दो बार बजाओ ना. लडकियां जागती हैं." कोणी त्याची रिंगटोन केली. कॉलेजच्या मुलींनी लिहिलं, आजोबा क्यूट आहेत. सुनेने मला क्यूटचा अर्थ सांगितला तेव्हा मी तिला चहा दिला नाही.

आणि एका सकाळी भावजी स्वतः आले. हातात पेढे.

"वहिनी! तुम्ही जपून ठेवलीत! एवढी वर्षं! मला वाटलं, माझी कला वाया गेली."

मी पेढा घेतला नाही. म्हटलं, साखर वाढली आहे.

"शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलंय गायला," म्हणाले. "कोरस लावतायत मागे."

सून ओठ दाबून उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, "आई, तुमचा सूड फारच गोड निघाला."

"पेढे तू खा," म्हटलं.

मी ते गाणं बंदच करणार होते. त्याच दिवसांत एक निरोप आला. अंबरनाथजवळच्या एका गावातली म्हातारी, नातीच्या फोनवरून बोलत होती. "तुमच्या त्या बाप्याच्या दोन गान्यांच्या मधी जी बाय म्हनते, ती कोन गो? माझ्या लग्नात तिनंच धवलं म्हटलेलं. तिचा गला मी इसरायची नाय."

मी कधी पहिल्या गाण्याच्या पुढे ऐकलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो आवाज सहन व्हायचा नाही. गाणं सुरू झालं की मी स्वयंपाकघरात जायचे. त्या दिवशी बसून ऐकलं. पहिलं गाणं संपल्यावर भावजींनी टेप थोडी पुढे जाऊ दिली असणार, दुसरं गाणं सुरू करण्याआधी. तेवढ्या फटीत आई होती. "मुसल उचला गो बायांनो, हलद पिवली झाली," मग कोंबडीला "हूश, मेले," आणि लगेच भावजी नदीकाठी. एवढंच शिल्लक. सून म्हणाली, "मला वाटलं, टेपचा आवाज आहे, म्हणून काढलं नाही." मी दुसऱ्यांदा ऐकलं आणि भात लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर ती ओळ लावली, कोंबडीसकट. सांगितलं, ही माझी आई. तिचे धवले ज्यांना येत असतील त्यांनी फोन करा, मला सगळे हवेत, मांडवापासून पाठवणीपर्यंत. आजूबाजूच्या गावांतून चार म्हाताऱ्यांचे फोन आले. अंबरनाथची ती म्हातारीही होती. चौघींनी आईच्या मागे उभं राहून धवले म्हटलेले होते. पण फोनवर म्हणा म्हटलं की चौघींचं एकच.

"लगीन कोनाचं हाय?"

"कोणाचं नाही. रेडिओसाठी."

"मग नाय जमत."

तुळशीचं लग्न पुढे कितीतरी लांब होतं आणि त्यातल्या दोघींची गत बघता मी कार्तिकाची वाट बघणार नव्हते. आणि ओळखीत लग्न एकच ठरलं होतं. भावजींच्या नातवाचं.

मी गेले. आयुष्यात त्यांच्याकडे काही मागायला गेले ती तेवढीच वेळ. हळदीला लॉन बुक होतं, डीजे होता, पिवळ्या कपड्यांचा ड्रेस कोड होता. धवलारणींचं कोणाच्या मनातही नव्हतं.

"चार म्हाताऱ्या येतील," मी म्हटलं. "सकाळी तुमच्या मागच्या पडवीत बसतील, धवले म्हणतील, मी रेकॉर्ड करीन. तुमच्या डीजेला धक्का नाही."

भावजींनी विचार केला. मग हसले. "चालेल की. पण माझी एक अट. संध्याकाळी स्टेजवर मी गाणार आहे. ते तुमच्या रेडिओवर लाइव्ह गेलं पाहिजे. सगळ्या जगात."

मी म्हटलं, "स्टेजवरून माझी सून फोन जोडेल."

सकाळी चौघी आल्या. पडवीत उखळ मांडलं. नवऱ्या मुलाला हळदीला बसवला तेव्हा त्याने हातातला मोबाइल सोडला नाही, पण बसला. चौघींचे आवाज चार बाजूंना जात होते. एकीला दम लागायचा, दुसरी पुढची ओळ उचलायची. कुठली ओळ आधी यावर भांडण झालं. "तुझी आय असं म्हनायची?" "माझी आय नाय, हिची आय असं म्हनायची." मी माइक धरून बसले. हळदीचा झाला, आंघोळीचा झाला, पाठवणीचा झाला.

मग मी उंबराचा विचारला.

"तो तुझी आय एकटी झाडाखाली जाऊन म्हनायची," अंबरनाथची म्हातारी म्हणाली. "आमी लांब उभ्या. आमाला नाय येत."

मी म्हटलं, बरं. अंगणात मांडवाच्या खांबाला डेकोरेशनवाल्याने प्लास्टिकची पानं बांधली होती.

संध्याकाळी सून फोन आणि माइक घेऊन लॉनवर गेली. तिथला आवाज घरच्या कॉम्प्युटरवर येणार आणि तिथून रेडिओवर जाणार. घरी मिक्सरपाशी मी एकटी. कारखान्यातल्या बायका जास्तीच्या कामाला थांबल्या होत्या. रेडिओ लावून बसलोय, असा मालकिणीचा निरोप आला. भावजींनी पुण्यापासून दुबईपर्यंतच्या नातेवाइकांना लिंक पाठवली होती.

कानाला हेडफोन होता. डीजे थांबला. भावजी घसा खाकरले. "तमाम जगभरच्या रसिकांना माझा नमस्कार," म्हणाले.

मी लॉनचा खटका खाली ओढला आणि सकाळचे धवले लावले.

हेडफोनमध्ये भावजी मला ऐकू येत होते, फक्त मला. त्यांनी सगळी गाणी म्हटली, कोरससकट. बाहेर जगाला चार म्हाताऱ्या हळद कांडताना ऐकू येत होत्या, दम लागून, भांडून, सगळं. सुनेचा फोन येत होता. मी उचलला नाही. भावजींचा नमस्कार आणि टाळ्या होईपर्यंत मी खटका वर केला नाही. त्याच बैठकीत कॉम्प्युटरमधून त्यांचं गाणं काढून टाकलं. कसं काढायचं ते मी सुनेला आधीच विचारून ठेवलं होतं. आईची ओळ तेवढी वेगळी ठेवली.

सून आली ती चिडूनच. "आई, लोक लॉनवर फोन कानाला लावून बसले होते आणि फोनमधून म्हाताऱ्या! काकांच्या दुबईच्या मेहुण्याने विचारलं, तुम्ही गाताय कधी? मला वाटलं, नेट गेलं. मी तिथे वेड्यासारखी वायर हलवत बसले."

"तुला माहीत असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

"हे बरोबर नाही केलंत."

"हो," म्हटलं. "जेवून घे."

लग्न उरकल्यावर भावजी आले. या वेळी हात रिकामे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"वहिनी, एवढी वर्षं डोक्यात ठेवलंत?"

"तुम्ही कधी काढायला आलात?"

"एक कॅसेट होती हो!"

"होय. एकच होती."

मला वाटलं, आता म्हणतील. चिकटपट्टीबद्दल एक शब्द. पण ते म्हणाले, "निदान माझं जुनं रेकॉर्डिंग तरी द्या. माझ्याकडे दुसरी प्रत नाही."

"गावातले म्हातारे काय सगळे मेले?" मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाकडून भरून घ्या."

तेव्हापासून ते या घरी आलेले नाहीत. दिवाळीचा फराळ वाचतो. कारखान्यातल्या पोरी अजून निरोप पाठवतात, आजी, अंकलचं गाणं कुठे गेलं. मी दुसरं लावते, कधी तेलुगू, कधी सिंधी. धवल्यांना मात्र वेळ ठरवून दिली आहे, आणि रोज सांगते की उंबराचा धवला अजून मिळालेला नाही, कोणाला येत असेल तर कळवा, लग्न मी शोधते.

परवा सून म्हणाली, "आई, आता पुरे ना. कॅसेट आहे अजून तुमच्याकडे. लावा की एकदा काकांचं."

"लावीन," म्हटलं. "उंबराचा मिळाला की त्या दिवशी लावीन."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर नाही."